रायझन ५ ५६००एक्स ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज कसं सांभाळायचं आणि स्टेबल आहे की नाही हे कसं तपासायचं

विंडोज सुरू झालं, सिनेबेंच (सीपीयूचा वेग मोजणारी टेस्ट) एकदा पूर्ण झालं, स्कोअरचा स्क्रीनशॉट मित्रांना गेला, म्हणजे ओव्हरक्लॉक (सीपीयू कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) स्टेबल झालं असं धरून चालणारे खूप जण आहेत, आणि मग आठ-पंधरा दिवसांनी नुसता ब्राउझर उघडा असताना पीसी अचानक रिस्टार्ट होतो, मग रॅमवर संशय, एसएमपीएसवर संशय, विंडोज पुन्हा टाकायचं, आणि खरं कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, टाकलेला एक आकडा असतो. दुसरी चूक याच्या उलटी: क्रॅश झाला की व्होल्टेज वाढव, परत झाला की अजून वाढव. दोन्हींचं मूळ एकच आहे, बायोसमध्ये आपण टाकलेलं व्होल्टेज आणि लोडवर सीपीयूला खरोखर मिळणारं व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक जण पहिलीच बघतात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या आकड्याभोवती आहेत.

हे सगळं रायझन ५ ५६००एक्स आणि ५६०० साठी लिहिलंय, एएम४ सॉकेटचा बी४५०, बी५५० किंवा एक्स५७० बोर्ड धरून. ए३२० आणि ए५२० वर ओव्हरक्लॉकिंग चालत नाही. ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक, ४४ म्हणजे ४.४ गीगाहर्ट्झ) लॉक आहे, त्यामुळे पायरी ४ त्याला लागू नाही. इंटेलवाल्यांनी विचार करण्याची पद्धत घ्यावी, आकडे घेऊ नयेत.

## पायरी १: बायोस उघडण्याआधीची तयारी

यात बहुतेक जण घाई करतात, आणि पुढे जो वेळ जातो तो इथेच वाचवता आला असता.

कूलर. बॉक्समध्ये येणारा रेथ स्टेल्थ हा मूळ ७६ वॉटच्या मर्यादेपुरता ठीक आहे, फिक्स क्लॉकसाठी (सगळे कोअर कायम एकाच वेगावर, पायरी ४) नाही. किमान चार हीटपाइपचा टॉवर कूलर हवा. बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे सीपीयूला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक नसेल तर फिक्स क्लॉकचा विचार सोडून सरळ पायरी ७ कडे जा, त्यात फायदा जास्त आहे आणि बोर्डावर ताण कमी.

बायोस नवीन टाकून घ्या, जुन्या बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (पायरी ७ मध्ये लागणारं, प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) दिसतच नाही. फ्लॅश करताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, त्यामुळे यूपीएस असेल तरच करा, नाहीतर लोडशेडिंगचं वेळापत्रक आणि पावसाचा रंग बघून करा. अपडेटनंतर सगळी सेटिंग डीफॉल्टला जातात आणि जुन्या बायोसमध्ये सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा नव्यात लोड होत नाहीत, म्हणून आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

सीएमओएस क्लिअर, म्हणजे बायोसची सेटिंग बोर्डावरूनच पुसून डीफॉल्टला आणणं, कसं करायचं ते आत्ताच शोधून ठेवा. बोर्डावरची ती दोन पिनांची जागा कुठे आहे, ग्राफिक्स कार्ड काढल्याशिवाय हात पोचतो का, सीआर२०३२ सेल कुठे बसवलाय, हे स्क्रीन काळी पडल्यावर शोधत बसू नका. तीनदा बूट फसलं की बोर्ड स्वतः डीफॉल्टवर येतो म्हणतात, काही बोर्ड येतात, काही येत नाहीत.

डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवा, त्याच पीसीच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नाही. आणि ज्या मशीनवर दुकानाचं टॅली किंवा क्लायंटचं काम आहे त्यावर हा प्रयोग करूच नका. अस्थिर सीपीयू प्रत्येक वेळी क्रॅश होतोच असं नाही, कधीकधी तो फक्त चुकीचं उत्तर देतो आणि ते उत्तर गुपचूप फाइलमध्ये लिहिलं जातं.

सॉफ्टवेअर: एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं), सिनेबेंच आर२३, प्राइम९५, ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर (हे तिन्ही सीपीयूवर ताण देऊन चुका पकडतात), कोअरसायक्लर, आणि पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅमची टेस्ट). बोर्ड कंपनीचं ऑटो ओव्हरक्लॉकवालं सॉफ्टवेअर काढून टाका. एएमडीचं रायझन मास्टर बघण्यापुरतं ठेवा पण त्यातून काही लावू नका, बायोसमध्ये एक आणि रायझन मास्टरमध्ये दुसरं अशी सेटिंग झाली की नेमकं काय चालू आहे ते कळत नाही.

शेवटची गोष्ट, वही. तारीख, क्लॉक, टाकलेलं व्होल्टेज, एलएलसी (पायरी ३ मध्ये येईल), लोडवर मिळालेलं व्होल्टेज, तापमान, कुठली टेस्ट, किती वेळ, निकाल. एका ओळीत एक प्रयोग. वहीशिवाय चौथ्या-पाचव्या बदलानंतर आधी काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

ध्यानात असू द्या: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, आणि पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, बूस्ट वाढवायचं सेटिंग) हे एएमडीनेच दिलेलं फीचर असलं तरी तेही यातच मोजलं जातं.

## पायरी २: डीफॉल्टवर सीपीयू काय करतो ते आधी नोंदवा

बायोसमध्ये डीफॉल्ट लोड करा, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी प्रोफाइल) बंद, पीबीओ बंद. विंडोजमध्ये येऊन दहा मिनिटं काहीही न करता थांबा म्हणजे मागचे अपडेट वगैरे शांत होतील. एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर मोडमध्ये उघडा आणि सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर टेस्ट चालवा.

पाच गोष्टी लिहून घ्या: सीपीयू कोअर व्होल्टेज एसव्हीआय२ टीएफएन (सीपीयूला खरोखर मिळणारं व्होल्टेज), तापमान, सीपीयू पीपीटी (सीपीयूने ओढलेली एकूण पॉवर), इफेक्टिव्ह क्लॉक (झोपलेला वेळ धरून कोअरचा खरा सरासरी वेग), आणि स्कोअर. व्होल्टेजसाठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये दोन-तीन ठिकाणी आकडे दिसतात, बोर्डाच्या सेन्सर चिपकडून येणारा व्हीकोअर वेगळा आणि एसव्हीआय२ टीएफएन वेगळा. आपल्याला एसव्हीआय२ टीएफएन हवा. सीपीयू-झेड आणि दुसरी मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवू नका, ती सारखी सीपीयूला विचारत राहतात, कोअर झोपतच नाहीत आणि मग रिकाम्या पीसीवरही व्होल्टेज चढलेलं दिसतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते. रिकामा असताना किंवा हलक्या कामात ५६००एक्स १.४ च्या वर, कधी १.४५ व्होल्टपर्यंत जाताना दिसतो आणि लोक म्हणतात की एएमडी स्वतःच १.४५ देतंय तर मी १.४ फिक्स केलं तर काय बिघडलं. बिघडतं. हलक्या कामात एखाददुसराच कोअर जागा असतो, करंट कमी असतो, तापमान कमी असतं, तेव्हा ते व्होल्टेज चालतं. सहाही कोअर पूर्ण लोडवर आले की हाच सीपीयू स्वतःहून व्होल्टेज बरंच खाली आणतो, तुमच्या नोंदीत ते दिसेलच. सिलिकॉन झिजतं ते व्होल्टेज, करंट आणि उष्णता तिन्ही एकत्र आल्यावर. फिक्स १.४ म्हणजे तिन्ही एकत्र, रोज, तासन् तास.

तपासून बघा: डीफॉल्टवरच तापमान ८० च्या वर जात असेल तर पुढे जाऊ नका. पेस्ट, कूलरचा बसवलेला दाब, कॅबिनेटची हवा, आधी ते नीट करा.

आणि खोलीचं तापमान पण लिहा. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरच्या रात्री खोलीत २२ अंश असतं आणि मेमध्ये तीच खोली ३८ वर असते, हा १६ अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा सीपीयूच्या तापमानात येतो. ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश आहे, साध्या ५६०० ची ९०. थंडीत ८५ वर पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात कुठे जाईल याचा हिशोब आत्ताच करा.

## पायरी ३: एलएलसी समजून घ्या आणि एकदाच ठरवा

लोड आला की व्होल्टेज खाली येतं. बायोसमध्ये १.२५ टाकलं आणि सिनेबेंचमध्ये एसव्हीआय२ टीएफएन १.१९ दाखवतोय, तर ते ०.०६ कुठे गेलं असा प्रश्न पडतो. हा ड्रूप बोर्डाचा दोष नाही, मुद्दाम ठेवलेला असतो. कारण लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि आधीच थोडं खाली ठेवलेलं असेल तर ती उसळी धोक्याच्या रेषेपर्यंत पोचत नाही.

एलएलसी म्हणजे लोड-लाइन कॅलिब्रेशन हा ड्रूप कमी करतं. जोरात लावलं की लोडवरही १.२५ चं १.२५ राहतं, बघायला छान वाटतं, पण उसळी मात्र १.२५ च्या वर जाते, आणि ती तुम्हाला कधीच दिसत नाही, एचडब्ल्यूइन्फो साधारण दोन सेकंदांनी एकदा वाचतो आणि उसळी मायक्रोसेकंदांची असते. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

त्यात अडचण अशी की प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. आसुसमध्ये आकडा मोठा तेवढी एलएलसी जोरात. एमएसआय आणि अॅसरॉकमध्ये नेमकं उलट, मोड १ किंवा लेव्हल १ सगळ्यात जोरात. गीगाबाइटमध्ये आकडेच नाहीत, लो, मीडियम, हाय, टर्बो, एक्स्ट्रीम अशी नावं आहेत. कुणाच्या तरी व्हिडिओत लेव्हल १ लावलेलं बघून दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तेच लावणं, ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता कुणी मदत मागितली की पहिला प्रश्न बोर्ड कुठला हाच विचारतो.

मधली पातळी निवडा. लोडवर टाकलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमी मिळालं पाहिजे. टाकलेल्यापेक्षा जास्त मिळत असेल तर एलएलसी जास्त झाली, एक-दोन पातळ्या कमी करा. एकदा ठरली की पूर्ण प्रयोगभर ती बदलायची नाही, कारण एलएलसी बदलली की तुमच्या वहीतले मागचे सगळे व्होल्टेज निरर्थक होतात.

## पायरी ४: फिक्स ऑल-कोअर क्लॉक

आधी स्वतःला विचारा, हे हवंय का. फिक्स क्लॉक लावला की हलक्या कामात वर जाणारा बूस्ट बंद होतो. डीफॉल्टवर ५६००एक्स एका-दोन कोअरवर ४.६ गीगाहर्ट्झपर्यंत जातो, तुम्ही ४.५ फिक्स केलं तर गेमिंगमध्ये उलट तोटा होऊ शकतो. रेंडरिंग, व्हिडिओ एन्कोडिंग असं सतत सहाही कोअर भरणारं काम असेल तरच याला अर्थ आहे. बाकीच्यांनी ही पायरी वाचा, पण करा पायरी ७.

सावधान: मल्टिप्लायर हाताने टाकला की पीपीटी (पॉवर), टीडीसी (सततचा करंट), ईडीसी (क्षणिक करंट) या मर्यादा बाजूला पडतात. सीपीयू किती पॉवर ओढेल याची जबाबदारी त्यानंतर तुमची.

१. एक्सएमपी बंदच ठेवा. मल्टिप्लायर ४४, कोअर व्होल्टेज मॅन्युअल १.२०.

२. सिनेबेंच दहा मिनिटं. पास झालं तर मल्टिप्लायर ०.५० ने वाढवा, म्हणजे ५० मेगाहर्ट्झ.

३. फेल झालं तर व्होल्टेज ०.०१२५ ने वाढवा. या सीपीयूवर व्होल्टेजची सगळ्यात छोटी पायरी ०.००६२५ आहे, म्हणजे हे दोन पायऱ्या झालं. ०.०५ च्या उड्या मारू नका, कुठे नेमकं पास झालं ते कळत नाही आणि उगाच जास्त व्होल्टेजवर राहाल.

४. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. क्लॉक आणि व्होल्टेज एकदम बदलून पास झालं तर कशामुळे झालं?

५. लोडवरचं एसव्हीआय२ टीएफएन १.२५ झालं किंवा तापमान ८५ झालं, जे आधी होईल तिथे थांबा. हा माझा स्वतःचा आकडा आहे. रोज वापरायच्या मशीनवर मी याच्या पुढे जात नाही आणि कुणाला जायला सांगत नाही.

६. आधीच्या ५० मेगाहर्ट्झसाठी ०.०१२५ पुरलं होतं आणि पुढच्या ५० साठी ०.०५ लागतंय, असं झालं की तुमच्या चिपची हद्द आली. वर्गाचा हिशोब बघा: पॉवर ही क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.५ गीगाहर्ट्झ १.२० वरून ४.७ गीगाहर्ट्झ १.३० वर गेलात तर वेग साधारण ४ टक्के वाढतो आणि पॉवर साधारण २३ टक्के. कूलरला ती २३ टक्के जास्तीची उष्णता रोज बाहेर काढायचीय.

तपासून बघा: प्रत्येक पायरीला स्कोअर वाढतोय का? क्लॉक ४.६ दिसतोय पण पूर्ण लोडवर इफेक्टिव्ह क्लॉक ४.४५ आहे आणि स्कोअर मागच्यापेक्षा कमी आलाय, तर हे क्लॉक स्ट्रेचिंग आहे. व्होल्टेज अपुरं पडलं की सीपीयू क्रॅश होण्याऐवजी आतल्या आत हळू चालतो. क्रॅश नाही म्हणून लोक खूश होतात आणि डीफॉल्टपेक्षा हळू मशीन वापरत बसतात.

## पायरी ५: स्टेबिलिटी टेस्ट, या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे कारण छोट्या टेस्टमध्ये फेल होणारं सेटिंग रात्रभर चालवून बघण्यात अर्थ नाही, आणि एका प्रकारची टेस्ट दुसऱ्या प्रकारची चूक पकडत नाही.

सिनेबेंच दहा मिनिटं हा फक्त दरवाजा. त्यानंतर ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर अर्धा तास. मग प्राइम९५, त्यात जस्ट स्ट्रेस टेस्टिंग निवडून स्मॉल एफएफटी (मुख्यतः सीपीयूवर ताण देणारा प्रकार) एक तास, पहिली पाच मिनिटं तापमानावरून नजर हलवू नका, सिनेबेंचपेक्षा हे बरंच जास्त तापवतं, ९० ओलांडलं तर थांबवा. मग रात्रभर प्राइम९५ चाच ब्लेंड हा प्रकार, त्यात रॅमही येते.

प्राइम९५ मध्ये एखादा वर्कर (प्रत्येक थ्रेडवर चालणारी वेगळी टेस्ट, ५६००एक्सवर बारा) फेल झाला की फक्त तोच थांबतो, बाकीचे अकरा चालू राहतात, आणि सकाळी उठून प्रोग्रॅम चालू दिसला की लोक पास झालं म्हणतात. प्रत्येक वर्करची खिडकी उघडून बघा. फेटल एरर, राउंडिंग ०.५ होतं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, असा संदेश दिसला की ते फेल. मशीन चालू आहे याला किंमत नाही, गणित चुकलंय.

गेमिंगच्या पीसीला प्राइम९५ कशाला असं विचारणारे खूप असतात. चोवीस तास चालवा असं मी म्हणत नाही. पण एका तासात गणित चुकवणारा सीपीयू विंडोज अपडेट इन्स्टॉल करताना, झिप उघडताना, फोटो सेव्ह करताना पण चुकवू शकतो, आणि तिथे कुणी लाल अक्षरात सांगायला येत नाही.

## पायरी ६: फेल झालं, आता काय वाचायचं

फेल झाल्या झाल्या व्होल्टेज वाढवू नका. आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टम, आणि डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा.

इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर: सीपीयूच्या कोअरला व्होल्टेज कमी पडलं. खाली एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) लिहिलेला असतो, ५६००एक्सवर तो आकडा २ ने भागा, ८ किंवा ९ असेल तर कोअर ४. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये ही माहिती सोन्यासारखी आहे.

इव्हेंट १९, बस किंवा इंटरकनेक्ट एरर: हे बहुतेक वेळा इन्फिनिटी फॅब्रिकचं (कोअर आणि मेमरी कंट्रोलर जोडणारा सीपीयूतला मार्ग), म्हणजे त्याचा क्लॉक, एफसीएलके, जास्त झाला. कोअर व्होल्टेज कितीही वाढवा, हे जाणार नाही.

कर्नल-पॉवर ४१: हा फक्त सांगतो की पीसी नीट बंद न होता बंद पडला. कारण सांगत नाही. लाइट गेली तरी हाच येतो. यावरून एसएमपीएस बदलायला जाऊ नका.

स्मॉल एफएफटी पास आणि ब्लेंड फेल, तर रॅमकडे बघा. निळ्या स्क्रीनवर मेमरी मॅनेजमेंट आलं तरी आधी रॅम. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आलं तर कोअर व्होल्टेज कमी असण्याची शक्यता जास्त.

आणि एक महत्त्वाचं, फेल झालं तेव्हा तापमान किती होतं? ९० च्या आसपास फेल होत असेल तर व्होल्टेज वाढवल्याने तापमान अजून वाढेल आणि परत फेल होईल. तिथे उपाय क्लॉक कमी करणं किंवा कूलिंग सुधारणं हाच आहे.

तीन-चार क्रॅश झाले की विंडोजच्या फाइल खराब झालेल्या असू शकतात. डीफॉल्ट सेटिंगवर येऊन सिस्टम फाइल चेकर चालवा आणि मग पुढे जा, नाहीतर ओव्हरक्लॉक बरोबर असूनही एरर येत राहतील.

## पायरी ७: पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर

बहुतेक वाचकांनी खरं तर हेच करावं. यात तुम्ही व्होल्टेज फिक्स करत नाही, प्रत्येक कोअरला त्याच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा किती कमीत चालायचं ते सांगता, मग त्याच पॉवर आणि तापमानात तो जास्त वर बूस्ट होतो. हलक्या कामातला बूस्ट शाबूत राहतो, मर्यादाही शाबूत राहतात.

बायोसमध्ये पीबीओ दोन ठिकाणी दिसतो, एक बोर्डाच्या स्वतःच्या मेनूत आणि एक एएमडी ओव्हरक्लॉकिंग नावाच्या आतल्या मेनूत. एकाच ठिकाणी लावा, एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये, दुसरीकडे ऑटो. मल्टिप्लायर आणि कोअर व्होल्टेज दोन्ही परत ऑटोवर आणायला विसरू नका, पायरी ४ मधला ४५ तिथेच राहिला तर कर्व्ह ऑप्टिमायझर काहीच करत नाही आणि तुम्ही दोन दिवस टेस्ट करत बसाल.

पीबीओ अॅडव्हान्स्ड करा. मर्यादा आधी मूळच ठेवा, पीपीटी ७६, टीडीसी ६०, ईडीसी ९०. बूस्ट ओव्हरराइड (बूस्टची हद्द किती मेगाहर्ट्झने वाढवायची) ०. थर्मल थ्रॉटल लिमिट ८५ टाका, उन्हाळ्यात हेच तुम्हाला वाचवतं.

कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह, पर कोअर. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट कमी. ऑल कोअर उणे ३० लावून सिनेबेंच पास झालं म्हणून सोडून देणं ही या पायरीवरची सगळ्यात मोठी चूक. सिनेबेंचमध्ये सहाही कोअर भरलेले असतात, क्लॉक तुलनेने खाली असतो, तिथे उणे ३० चालून जातं. खरा कस लागतो तो एकच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकवर जातो तेव्हा, म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, रिकामा डेस्कटॉप. म्हणूनच गेम तीन तास चालतो आणि गेम बंद केल्यावर पीसी रिस्टार्ट होतो.

१. रायझन मास्टरमध्ये चांगल्या कोअरवर खूण असते, ते दोन कोअर लिहून घ्या. इथे जपून: रायझन मास्टर कोअर १ पासून मोजतो, एचडब्ल्यूइन्फो आणि कोअरसायक्लर ० पासून. बायोसमध्ये पहिला कोअर ० आहे की १ ते बघूनच आकडे टाका, नाहीतर एका कोअरचा आकडा शेजारच्याला लागतो.

२. त्या दोन चांगल्या कोअरना उणे ५, बाकीच्यांना उणे १५. उलटं वाटेल, पण चांगले कोअर आधीच कमी व्होल्टेजवर जास्त क्लॉक देत असतात, त्यांच्यात कमी करायला जागा कमी असते.

३. कोअरसायक्लर चालवा. तो एकेका कोअरवर प्राइम९५ चालवतो. एसएसई मोड (प्राइम९५ चा हलका प्रकार) ठेवा, त्यात तापमान कमी आणि क्लॉक सगळ्यात वर जातो, आपल्याला तेच तपासायचंय. एक फेरी संध्याकाळी, मग रात्रभर.

४. जो कोअर फेल झाला त्याचाच आकडा ३ ने शून्याकडे आणा, उणे १५ चा उणे १२. बाकीचे तसेच.

५. रात्रभर सगळे पास झाले की प्रत्येकाला अजून उणे ३ देऊन परत. कुठल्या कोअरला कुठे फेल येतं ते वहीत आलं की शेवटी प्रत्येकाला त्याच्या फेल होणाऱ्या आकड्यापासून ५ अंक मागे ठेवा. उणे २० ला फेल, तर उणे १५. हे पाच अंक कुणालाही सोडवत नाहीत, तरी सोडा.

६. बूस्ट ओव्हरराइड हवा असेल तर या सगळ्यानंतर, ५० ने, आणि दरवेळी कोअरसायक्लर पुन्हा. क्लॉक वाढला की आधी पास झालेले कोअर फेल होतात, हे अपेक्षितच आहे.

तपासून बघा: दोन दिवस पीसी नुसता साधा वापरा. स्लीपमध्ये टाकून उठवा, रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना सुरू करा, एक तास रिकामा सोडा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १८ आलाय का बघा. रिस्टार्ट झाला नसला तरी बघा.

## पायरी ८: आता रॅम जोडा

आधी सीपीयू डीफॉल्टवर नेऊन फक्त एक्सएमपी चालू करा आणि मेमटेस्ट८६ चे चार पास करा. एकही एरर चालणार नाही. ३६०० ची रॅम असेल तर एफसीएलके १८०० ठेवा.

एक्सएमपी चालू केल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) स्वतःहून वाढवतो, आणि कधीकधी गरजेपेक्षा जास्त. २०२३ मध्ये एएम५ या नव्या सॉकेटवर रायझन ७००० चे एक्स३डी सीपीयू जळाल्याची प्रकरणं झाली, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर १.३० ची मर्यादा घालणारं बायोस आणलं. आपला प्लॅटफॉर्म वेगळा आहे, पण ऑटोवर विश्वास ठेवून न बघता सोडू नये हे इथेही खरं. ५६००एक्सला ३६०० वर १.१० पुरतं, एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसीचा एसव्हीआय२ टीएफएन वाचा, जास्त दिसला तर हाताने १.१० टाका.

मग सीपीयूचं सेटिंग आणि एक्सएमपी एकत्र, आणि रात्रभर ब्लेंड परत. दोन्ही वेगवेगळे पास होऊन एकत्र फेल होणं अगदी सामान्य आहे, कारण मेमरी कंट्रोलर त्याच सीपीयूत आहे आणि रॅम वेगात चालली की कोअरही जास्त भरतात. असं झालं तर कर्व्हमधल्या सगळ्या कोअरचा आकडा २ ने शून्याकडे आणून बघा, रॅमची टायमिंग हलवण्याआधी.

## नंतर कधी पुन्हा तपासायचं

बायोस अपडेट केल्यावर, रॅम बदलल्यावर, जास्त तापणारं नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर, आणि एप्रिलच्या शेवटी एकदा, भर दुपारी, एसी बंद ठेवून. कोअरसायक्लरची एक फेरी आणि प्राइम९५ चा एक तास पुरतो.

महिनोन्महिने नीट चाललेलं सेटिंग अचानक फेल व्हायला लागलं तर आधी वहीतली जुनी ओळ काढा आणि तीच टेस्ट चालवून तापमान जुळतंय का बघा. दहा अंश वाढलं असेल तर कूलरमधली धूळ आणि वाळलेली पेस्ट. तापमान तेच असूनही फेल होत असेल, तर इव्हेंट १८ मधला कोअर शोधा आणि फक्त त्याचे ३ अंक परत द्या. तेवढ्यानेही भागलं नाही आणि डीफॉल्टवरही एरर येत असतील, तर विषय ओव्हरक्लॉकचा राहिला नाही, रॅमची एकेक स्टिक काढून मेमटेस्ट८६ पासून सुरुवात करा.